कोथिंबिरीचा वास येईना तेव्हा

उलटी झाली की मला आनंद व्हायचा. कुणाला सांगितलं असतं तर मला वेड्यातच काढलं असतं. पण खरं सांगते, सकाळी मोरीत वाकलेली, डोळ्यांना पाणी, नाकाला पाणी, वेणी सुटून गळ्यात आलेली, अशा अवतारात मी स्वतःशी हसायचे. तोंड धुऊन खोलीत आले की नवरा टॉवेल घेऊन उभा असायचा. बोलायचा काही नाही, नुसत्या भुवया उडवायचा. मी मान डोलावली की त्याचा चेहरा असा खुलायचा की वाटावं, बायको ओकून नाही, लॉटरी लागून आलीय.

दुपारी त्याचा कंपनीतून फोन. सातपूरला एका कारखान्यात तो सुपरवायझर आहे, आजूबाजूला माणसं, म्हणून आडून विचारायचा, आज पार्सल आलं का? मी इकडे कॉलेजच्या ऑफिसात, शेजारच्या टेबलावरच्या मॅडमचे कान टवकारलेले, म्हणून मीही तोंड गंभीर करून सांगायचे, आलं की, दोनदा आलं. तो वा वा म्हणून फोन ठेवायचा. मॅडमना वाटे आमच्या घरी ऑनलाइन खरेदीला ऊत आलाय, आणि त्या मला काटकसरीवर दोन शब्द ऐकवत.

हा वेडेपणा आला कुठून तेही सांगते.

आदल्या वर्षी मला दिवस गेले होते आणि ते आम्ही जगाला सांगितलं होतं. आम्ही म्हणजे सासूबाईंनी. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे कॅनॉलच्या अलीकडे आणि पलीकडे प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. कळलं त्याच संध्याकाळी त्यांनी पेढे आणवले, डोक्यावर पदर घेतला आणि स्वतः घरोघर वाटून आल्या. सटाण्याला नणंदेकडे पुडा गेला, पेठला दिलेल्या भाचीला एसटीतून कुणाच्या तरी हाती गेला. मला तेव्हा दोन्ही वेळेला उलट्या व्हायच्या आणि मी वैतागून रडायचे, कधी एकदाचं हे थांबतंय म्हणायचे. मग एक दिवस थांबलं. नळ बंद करावा तसं. मी खूश. दोन भाकरी खाल्ल्या, स्कूटीवर गाणं म्हणत कामावर गेले. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी माझा हात धरला. बाळाचा ठोका थांबला होता.

यात कुणाची चूक नसते, पुष्कळ जणींचं असं होतं, असं त्यांनी आम्हाला तिघांना, म्हणजे मला, नवऱ्याला आणि सासूबाईंना, समोर बसवून सांगितलं. डोक्याला पटलं. जिवाला मात्र एवढंच कळलं की उलट्या थांबल्या आणि बाळ गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस लोक भेटले की विचारायचे, कितवा चाललाय? पेढा सगळीकडे पोचला होता, पुढची बातमी पोचली नव्हती. एकदा भाजीबाजारात एका ओळखीच्या बाईने असंच विचारलं. सासूबाईच म्हणाल्या, नाय राहिलं, आणि माझा हात धरून चालू लागल्या. घरी येईपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. तीळ न भिजणारी बाई अशी गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

म्हणून या खेपेला टेस्टवर दोन रेघा उमटल्या तेव्हा आम्ही दोघांनी शपथ घेतली. ठोका दिसेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. माझ्या माहेरी नाही, मित्रांना नाही, आणि सासूबाईंना तर मुळीच नाही. डॉक्टरबाईंकडे गेलो तर त्या म्हणाल्या, पिशवी छान दिसतेय, पण लवकर आलात, ठोका अजून दिसायचाच नाही, दोन आठवड्यांनी या. मग लिहिता लिहिता विचारलं, मळमळतं का? मी म्हटलं, खूप. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचं लिहू लागल्या.

त्या दिवसभरात त्यांनी पन्नास बायकांना हेच म्हटलं असणार. मी मात्र ते "चांगलं आहे" पदराला गाठ मारून घरी आणलं. दोन आठवडे त्याच्यावरच काढायचे होते.

पहिल्या दिवसांत काय काय होतं म्हणून मला हल्ली ऑफिसातल्या नव्या मुली विचारतात. त्यांना मी सांगते, बायांनो, पुस्तकात लिहिलंय ते सगळं होतं आणि न लिहिलेलंही होतं. झोप अशी की प्रवेशअर्जांच्या गठ्ठ्यावर गाल टेकला की गेलं. बाथरूमच्या इतक्या फेऱ्या की शिपायाने मला विचारलं, मॅडम, तिकडे काही सांडलंय का? छातीला कपडा लागला तरी जीव जायचा. बरं, रडू कशाचं यावं? रस्त्यात एक कुत्री तिच्या पिल्लांना ओलांडून पलीकडे गेली म्हणून मी मखमलाबाद नाक्यावर स्कूटी थांबवून हुंदके दिले. आणि राग! नवरा पोहे चावायचा तो आवाज मला सहन होईना. त्याला सांगितलं, बाहेर जाऊन चाव. बिचारा ओट्यावर जाऊन चावायचा.

हे सगळं परवडलं. परवडलं नाही ते नाक.

मी देवळाली कॅम्पातली. वडील तिथे कारकून होते. तोफांचा सराव ऐकत वाढलेली मी, दुपारी खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि आम्ही बहिणी खुशाल घोरायचो. लग्नानंतर मोठ्या तोऱ्यात सांगायचे, मला काही होत नाही, आम्ही तोफांच्या आवाजात झोपलेली माणसं. त्या बाईने एका जुडीपुढे हात टेकले. जुडी कोथिंबिरीची.

आता आली का पंचाईत. आमचं घर मळ्यातलं. सासरचे लोक पहिल्यापासून भाजीपाला करणारे, आणि भाजीपाला म्हणजे मुख्य कोथिंबीर. दुपारनंतर ती उपटायची, शेडात बसून जुड्या बांधायच्या, ओल्या गोणपाटाखाली झाकायच्या आणि संध्याकाळी पिकअपमधून मार्केट यार्डात लिलावाला न्यायच्या. शेड घराला चिकटून. मी कामावरून यायची वेळ आणि कोथिंबिरीचा ढीग शेडात पडायची वेळ एकच. एरवी मला त्या वासाचं काय कौतुक होतं! कपड्यांना तो लागलेला असायचा, ऑफिसात सगळे म्हणायचे, तुम्ही आलात की वड्या खायची इच्छा होते. आणि आता फाटकातून स्कूटी आत घेतली की पोटातून काहीतरी वर उडी मारायचं. हेल्मेट काढायच्या आत मी गोठ्यामागे.

परत आले की सासूबाई जुड्या बांधत बसलेल्या. मान वर न करता विचारायच्या, काय झालं गं? मी कधी पित्त सांगायचे, कधी डब्यातली उसळ आंबली सांगायचे, एकदा तर कॉलेजात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक बाधला म्हणून सांगितलं. त्या हं म्हणायच्या आणि पुढची जुडी घ्यायच्या. मी खोलीत येऊन पांघरुणात तोंड खुपसून हसायचे. गोठ्यामागे झाली होती ना, म्हणजे सगळं ठीक होतं. नवऱ्याला मेसेज टाकायचे, पार्सल आलं, कोथिंबिरीने पाठवलं.

जसा एक वास नको झाला तसा एक हवासाही झाला. चिंच नाही, कैरी नाही, माती नाही. कोऱ्या रबरी चपलेचा वास. मेन रोडला चपलांच्या दुकानासमोरून जाताना तो आला आणि मी तिथेच थबकले. असं वाटलं, आत जावं आणि तिथेच राहावं. नवरा म्हणाला, हिला काय झालं? मी म्हटलं, मला ती निळी स्लिपर घेऊन दे, आणि ती पायात घालायची नाहीये. दुकानदारासमोर मी मापाऐवजी वास बघून स्लिपर निवडत होते. एक हुंगली, नको. दुसरी हुंगली, ही. दुकानदाराने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बिचाऱ्याने भाव न करताच पैसे दिले. ती स्लिपर मी उशीखाली ठेवू लागले. मळमळ फार झाली की काढायची, हुंगायची, परत ठेवायची. वहाण उशाला घेऊन झोपणारी सून आमच्या घराण्यात मी पहिलीच.

मध्ये एक बरी गोष्ट घडली. सासूबाईंनी एक दिवस जाहीर केलं की शेडात फार गारठा लागतो, आता जुड्या शेतातच बांधायच्या, उन्हात, आंब्याखाली. थंडी होतीच, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. सासरे जरा कुरकुरले, की पाणी तिकडे न्यावं लागतं आणि पिकअप बांधापर्यंत येत नाही, सगळा माल डोक्यावर वाहायचा. सासूबाई म्हणाल्या, वाहू, डोकं कशाला दिलंय? शेडात येऊ लागला तो फक्त विहिरीजवळच्या नव्या वाफ्यातला थोडासा माल. मी म्हटलं, वा, देव पावला. माझं गोठ्यामागे पळणं कमी झालं. संध्याकाळची पार्सलं बंद झाली, तरी सकाळची चालू होती, म्हणून मी निर्धास्त होते.

आणि मग तपासणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी उठले ती भूक लागून.

आधी मला कळलंच नाही काय वेगळं आहे ते. दात घासले. चहा घेतला. चहा छान लागला. दुसरा कप मागितला. नवऱ्याच्या भुवया उडाल्या आणि मी मान डोलवायला गेले, तेव्हा लक्षात आलं की आज काहीच झालेलं नाही. पोट शांत. घसा शांत. मी खोलीत गेले आणि उशीखालची स्लिपर काढून हुंगली. रबराचा वास आला. नुसता रबराचा. हवासा नाही, नकोसा नाही, दुकानात येतो तसा.

नवरा म्हणाला, एखाद्या दिवशी नसेल होत, उद्या जायचंच आहे. त्याने हे म्हटलं, पण त्याच्या पोह्यांची बशी तशीच राहिली. त्याचा चावण्याचा आवाज ऐकायला मिळाला असता तर मी त्या दिवशी त्याला ओवाळलं असतं. सासऱ्यांबरोबर त्याला खत आणायला जायचं होतं, तो सारखा मागे वळून बघत गेला. मी घरात एकटी. माझ्या डोळ्यांसमोर गेल्या वर्षीच्या त्या दोन भाकरी आल्या, आणि स्कूटीवरचं ते गाणं.

मग माझ्या डोक्यात आलं, कोथिंबीर. खरी परीक्षा तीच. जगातलं काहीही सहन होईल, पण ती व्हायची नाही. मी शेडात गेले. आदल्या दिवशी उशिरा उपटलेला थोडा माल गोणपाटाखाली झाकून ठेवलेला होता. गोणपाट उचललं, खाली वाकले, श्वास आत घेतला.

काही नाही.

आणखी वाकले. एक जुडी उचलून नाकाला लावली. गार, ओली, हिरवीगार, आणि वास म्हणून काही नाही. दुसरी घेतली. पानं चुरगळली, तळहात नाकाशी नेला. थोडासा गवताचा वास आला, पावसाळ्यात कुठेही येतो तसा. मी गुडघ्यांवर बसले आणि सरळ ढिगात तोंड घातलं. मी तिथे किती वेळ तशी होते मला माहीत नाही. मी त्या कोथिंबिरीला विनवत होते. म्हणत होते, कर ना काहीतरी. ये ना बाई. एवढे दिवस कुठे कुठे पळवलंस मला, आज काय झालं तुला?

"काय शोधतीस गं?"

सासूबाई शेतातून आल्या होत्या. डोक्यावरची पाटी तशीच, हातात खुरपं. मी तोंड वर केलं. केसांत पानं, गालाला माती, नाकाला हिरवं लागलेलं. काही थाप मारायची म्हणून तोंड उघडलं, पित्ताची की केकची ते आठवेना. जे आलं ते खरंच आलं.

"आई, मला हिचा वास येत नाही."

एवढंच बोलले आणि मला रडू फुटलं. तोफांच्या आवाजात झोपणाऱ्या बाईने शेडात बसून गळा काढला. सासूबाईंनी पाटी खाली ठेवली. पाटीतली मेथी सांडली तरी बघितलं नाही. माझ्या समोर मांडी घालून बसल्या, माझ्या हातातली चुरगळलेली पानं घेतली, स्वतःच्या नाकाशी नेली. मग आणखी चुरगळली, परत नेली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की आधी मला वाटलं त्याही रडणार. त्या हसत होत्या.

"अगं येडे, हिचा मलाबी वास येत नाय," त्या म्हणाल्या. "कुणालाच येत नाय. ही नव्या बियाण्याची हाय. टिकती लय, लांबच्या गाड्यांना चालती. वासाच्या नावानं ठणठण."

त्या हळूहळू सांगू लागल्या, आणि जसं सांगू लागल्या तसं माझं रडं कुठल्या कुठे गेलं. गावरान कोथिंबिरीचा वास मला सोसत नाही हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. गारठा वगैरे सगळी सबब होती. गावरान मालाच्या जुड्या त्यांनी माझ्यासाठी लांब आंब्याखाली नेल्या, सगळ्यांकडून डोक्यावर माल वाहून घेतला, सासऱ्यांची कुरकुर ऐकली, आणि शेडात तेवढा हा बिनवासाचा वाफा येऊ दिला. सुनेच्या जिवाला आराम पडावा म्हणून. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. माझं परीक्षेचं सामानच त्यांनी उचलून नेलं होतं.

मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

त्या म्हणाल्या, "उशाला वहाण घेऊन निजती ती बाई एकतर येडी असती नायतर पोटुशी. मी चादर बदलायला आले व्हते."

मला एकदम इतकं हसू आलं की मी त्याच ढिगावर आडवी झाले. पण पोट अजून शांतच होतं, आणि हसता हसता पुन्हा तीच भीती वर आली. मी उठून बसले आणि म्हटलं, मला गावरान आणून द्या. त्या म्हणाल्या, कशाला उगी जिवाला तरास, उद्या डॉक्टरीण बघंल की. मी म्हटलं, आई, आत्ता. नाहीतर मी स्वतः शेतात जाते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्या उठल्या आणि ही साठीची बाई गुडघेदुखी विसरून बांधावरून अक्षरशः पळत गेली. परत आल्या त्या पदरात बचकाभर कोथिंबीर घेऊन, मुळं मातीसकट, धापा टाकत. वास त्यांच्या आधी येऊन पोचला.

मी पदराशी नाक नेलं. आम्ही दोघी थांबलो. एक क्षण काहीच नाही. सासूबाईंचे ओठ हलत होते, त्या बहुतेक सप्तशृंगीला काहीतरी कबूल करत होत्या. आणि मग माझ्या पायाच्या अंगठ्यापासून ते सुरू झालं. गोठ्यामागे जायलाही वेळ मिळाला नाही. दोन कप चहा, सगळा, सासूबाईंच्या पायांवर.

आणि त्या बाईने पाय मागे घेतला नाही. माझी पाठ थोपटत म्हणत होत्या, होऊ दे, होऊ दे, शाब्बास. आयुष्यात मला परीक्षेत पहिला नंबर आला तेव्हाही कुणी इतक्या मनापासून शाब्बास म्हटलं नव्हतं.

पाय धुतले, शेड धुतली, आणि आम्ही दोघी ओट्यावर उन्हात बसलो. मी अजून हसतच होते. त्यांना चिडवावं म्हणून म्हटलं, एवढे दिवस तुम्ही गप्प कशा राहिलात? तीळ कसा काय भिजला? मला वाटलं त्या उलट काहीतरी सुनावतील. त्या नखातली माती काढत राहिल्या.

"मागल्या टायमाला मी पेढे वाटले," त्या म्हणाल्या. "लय घाई केली. साऱ्या जगाला सांगून आले आन तुझं रिकामं झालं. म्हून या टायमाला तोंडच उघडलं नाय. तुलाबी इचारलं नाय."

वर्षभर ही बाई ते छातीशी धरून बसली होती. डॉक्टरबाईंनी तिघांना बसवून सांगितलं होतं ना, कुणाची चूक नसते म्हणून. मला वाटायचं, फक्त माझ्याच जिवाला ते पोचलं नाही. मी म्हटलं, पेढ्याने काही होत नाही, आई. त्या म्हणाल्या, नसंल. आणि उठून सांडलेली मेथी वेचायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आम्ही तिघं गेलो. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि सकाळीच लिंबाची फोड घेऊन कोपरापर्यंत हात घासले होते, मला रस्त्यात वास नको म्हणून. डॉक्टरबाईंना मी आधीच सांगून टाकलं की काल सकाळी मळमळलं नाही, पण नंतर कोथिंबिरीने झालं. त्या हसल्या. म्हणाल्या, मळमळ कमीजास्त होते, कुणाला होतच नाही, त्यावरून बाळाचं काही ठरत नाही, आणि कृपा करून स्वतःच्या परीक्षा घेऊ नका, ते काम माझ्यावर सोडा. मग त्यांनी दिवा मालवला.

मी छताकडे बघत होते. नवऱ्याने माझं पाऊल धरलं होतं, हात धरायचा तर मध्ये मशीन होतं. डॉक्टरबाई गप्प होत्या आणि मला ती शांतता ओळखीची होती. माझी मान त्या बाजूला वळेना. तेवढ्यात अंधारात सासूबाईंचा आवाज आला.

"लुकलुकतंय."

कुणी त्यांना सांगितलं नव्हतं कुठे बघायचं ते. डॉक्टरबाई म्हणाल्या, बरोबर, तोच ठोका. मी मान वळवली. करड्या पडद्यावर शेंगदाण्याएवढं काहीतरी, आणि त्याच्या मधोमध एक ठिपका, लुक लुक, लुक लुक, इतका घाईत की त्याला कुठेतरी पोचायचं असावं. नवरा रडत रडत विचारत होता, हे चालू राहील ना? डॉक्टरबाई म्हणाल्या, आज मस्त चालू आहे, आज एवढं पुरे. मी त्यांना म्हटलं, आणखी थोडा वेळ बघू द्या. त्यांनी दिलं.

नवऱ्याला दुपारची पाळी होती, तो डोळे पुसत तिथूनच सातपूरला गेला. मी आणि सासूबाई रिक्षा बघत गंगापूर रोडने चालू लागलो. मला चालवत नव्हतं, उड्या माराव्याशा वाटत होत्या. रस्त्यात मिठाईचं दुकान लागलं. सासूबाई त्याच्यावरून भराभर पुढे गेल्या, मान दुसरीकडे करून, जसं काही त्या दुकानाचं आणि त्यांचं भांडण आहे. मी तिथेच उभी राहिले. त्या वळल्या. माझ्याकडे पाहिलं, दुकानाकडे पाहिलं.

"घेऊ?" त्या म्हणाल्या.

वस्तीभर कुणाला न विचारता बातम्या पोचवणारी ही बाई, आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून मला पेढे घ्यायची परवानगी मागत होती. मी म्हटलं, घ्या, आई. पुष्कळ घ्या. त्यांनी पाव किलोच घेतले. रिक्षात बसल्यावर पुडा मांडीवर ठेवला, त्याच्यावर दोन्ही हात ठेवले, आणि बराच वेळ तसेच राहू दिले. मग सुतळी सोडली आणि पहिला पेढा माझ्या तोंडात घातला.

तो पोटात राहिला कॅनॉलच्या वळणापर्यंत. मी रिक्षावाल्याच्या खांद्यावर थापट्या मारल्या, त्याने घाबरून रिक्षा कडेला घेतली आणि मी बाहेर वाकले. सासूबाई मागून उतरल्या. त्यांनी एका हाताने माझी वेणी धरली आणि दुसरा हात माझ्या कपाळाला लावला. त्या हाताला लिंबाचा वास येत होता, आणि लिंबाच्या आतून कोथिंबिरीचा. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण अगं बाई म्हणून त्या हात मागे घेऊ लागल्या. मी तो धरून ठेवला.